खारवलेला चौक

धाकू आधी मारायचा आणि मग विचारायचा. हे त्याचे वैरी सांगत नाहीत, सोयरेच सांगतात, आणि सांगताना नकळत गालावरून हात फिरवतात. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे उतरताना इमारतींच्या मधोमध एक जुनं गाव अडकून पडलेलं आहे. तिथे धाकूचा हात न लागलेला पुरुष शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. तरुणपणी तो मिठागरात कामाला होता. उन्हात मीठ ओढून ओढून दंड असे झाले होते की त्याची थप्पड खाल्लेल्याला आठवडाभर एकाच कानाने ऐकू यायचं. पुढे मिठागरं बंद पडली, जमिनींना सोन्याचा भाव आला, भाऊबंद बंगले बांधून मोकळे झाले. धाकूनेही बांधला. हाताची सवय तेवढी गेली नाही.

अशा माणसाने चौकात बाग केली म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. त्याला संत करायचं काही कारण नाही, कारण तो नव्हताच. ती बाग रक्त सांडूनच झाली, आणि पहिलं रक्त सांडलं ते एका निरपराध माणसाचं, धाकूच्याच हातून.

चौक म्हणजे गावाचं जुनं खळं. भात झोडायची जागा. शेती संपली, चारी अंगांनी रस्ते आले आणि खळ्याचा चौक झाला. मधली अर्धा एकर जागा पालिकेच्या आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेली, म्हणजे कागदावर बाग आणि जमिनीवर उकिरडा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बौद्ध कुटुंबांची चाळ.

तीसेक वर्षांपूर्वी आंबेडकर जयंतीच्या सकाळी चाळीतल्या शिवरामने खळ्याच्या कडेला पिंपळाचं रोप लावलं. शिवराम कारखान्यात फिटर. निर्व्यसनी, आवाज न चढवणारा. धाकू ओट्यावरून उठून आला. आमच्या खळ्यावर कुणाला विचारून, हा प्रश्न त्याने विचारला खरा, पण तोवर हातातला दांडका शिवरामच्या गुडघ्यावर बसून गेला होता. हाड मोडल्याचा आवाज चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत गेला. शिवरामची बायको मंजुळा धावत आली तेव्हा धाकू रोप उपटून गटारात फेकत होता.

पोलीस आले. गावाचा कारभार तेव्हाही चांगदेव बघायचा, आजही तोच बघतो. त्याने अकरा साक्षीदार उभे केले. शिवराम दारू पिऊन पडला, असं अकराही जणांनी एका सुरात सांगितलं. ज्या माणसाने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तो कागदोपत्री दारुडा ठरला. नोकरी गेली. उरलेलं आयुष्य त्याने लंगडत काढलं. धाकू त्या संध्याकाळी बोंबलाचं कालवण खाऊन शांत झोपला. त्याला झोप लागली, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

खाण तशी माती. धाकूचा पोरगा कमलेश बापाच्या दोन पावलं पुढे गेला. त्याचा भरणीचा धंदा. जुन्या इमारती पडल्या की डेब्रिज उचलायचं आणि कुठेतरी नेऊन ओतायचं. कुठेतरी म्हणजे खळ्यात. जोडीला सोसायट्यांना पाण्याचे टँकर. त्याचे चार डंपर, दोन टँकर चौकातच उभे राहायचे आणि त्यांच्या आडोशाला दारूचे अड्डे बसायचे. कुणी बोललं की कमलेश खाली उतरायचा, आणि बोलणाऱ्याचे दात मोजायची पाळी यायची.

चार वर्षांपूर्वी शिवराम गेला. चाळीतून निघालेली तिरडी चौकातूनच जायची, दुसरा रस्ता नव्हता. डेब्रिजच्या ढिगावरून जाताना पुढच्या खांदेकऱ्याचा पाय सळईत अडकला, तिरडी कलंडली आणि शिवरामचं प्रेत फुटक्या टाइलांवर पडलं. त्याचा तो वाकडा पाय पांढऱ्या कापडातून बाहेर आला.  मंजुळा खाली बसली, पायावर कापड ओढलं आणि मान वर करून समोर बघितलं. समोर ओट्यावर धाकू बसला होता. आजवर कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या धाकूने त्या दिवशी खाली बघितलं. त्याला लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडं आणि घमेलं घेऊन चौकात उतरला. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पंधरा दिवस तो एकटाच डेब्रिज उपसत होता. सोळाव्या दिवशी मंजुळा चाळीतून बाहेर आली. अख्ख्या पंचक्रोशीत धाकूला अरेतुरे करणारी ती एकटीच.

"माफी मागायला आलास का रे?"

"नाय. माफी मागाया मना तोंड नाय, बाई."

"मग ऐक. पहिलं झाड पिंपळाचं लागेल. जिथून उपटलंस, तिथेच. आणि त्याला पाणी तू घालायचंस. रोज, माझ्यासमोर."

"घालीन."

पालिकेच्या उद्यान खात्याने लेखी परवानगी दिली. कल्याणच्या रोपवाटिकेतून झाडं आली. पिंपळ मंजुळाने लावला, मग करंज, बहावा, कडुनिंब. त्यापुढचं सगळं मारामारीतच झालं. दारुडे सहजी उठले नाहीत. एकाने फुटकी बाटली धाकूच्या बरगडीत घातली. सात टाके पडले. धाकूने त्याच बाटलीवाल्याचं मनगट पिरगळून खांदा निखळवला आणि मग रिक्षा करून दोघं एकाच दवाखान्यात गेले. कमलेशच्या उत्तम नावाच्या ड्रायव्हरने एकदा जेसीबी आणून करंजांची अख्खी रांग चिरडली. धाकूने मारलेल्या दगडाने काच फुटून उत्तमचं कपाळ उघडं पडलं. मंजुळाही काही गाय नव्हती. चौकात कचरा टाकणाऱ्या एका हॉटेलवाल्याला तिने त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात उभं केलं होतं.

तरी झाडं वाढली. दोन उन्हाळे गेले. पिंपळ धाकूच्या डोक्यावर गेला. चाळीतल्या बाया संध्याकाळी येऊन बसू लागल्या, मग गावातल्याही आल्या. आधी लांब बसल्या, मग जवळ. डंपरना जागा उरली नाही, आणि कमलेशचं माथं भडकलं. घरात बाप आणि पोरगा एका ताटलीच्या अंतरावर बसून जेवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर पिंपळाची पानं कडेने जळायला लागली. मग करंजाची, मग सगळ्यांचीच. उद्यान खात्याचे साहेब आले आणि फवारणी लिहून गेले. मंजुळा म्हणाली, "तूच पाणी जास्त घातलंस."  धाकूने गुडघ्यावर बसून पिंपळाच्या बुंध्याजवळची माती हाताने उकरली आणि चिमूटभर तोंडात टाकली. थुंकला.

"मीठ हाय ह्यो."

पाचोळा सारला तर खाली न विरघळलेले खडे अजून तसेच होते. मोठे, काळपट, खाडीचे. असं मीठ आता कुठल्या दुकानात मिळत नाही. धाकूला ते कुठे मिळतं ते चांगलं ठाऊक होतं. मिठागर बंद झालं त्या वर्षीच्या शेवटच्या मिठाच्या गोणी त्याने घराच्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या. मासळी खारवायला, कैऱ्या मुरवायला त्यातलंच मीठ घ्यायचे, आणि तरी बारा गोणी भरलेल्या होत्या. तो घरी गेला, पडवीत बघितलं. तीन गोणी उरल्या होत्या.

कमलेश जेवायला बसला होता. धाकूने त्याच्या पुढ्यातलं ताट लाथेने उडवलं. भिंतीवर आमटीचा ओघळ आला. सून दर्शना मधे पडली.

"नऊ गोनी कुठं हायत?"

कमलेश उठला, बापाची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटला. "ओतल्या. आता तिथे गवतपण नाय उगवणार. महिन्याभरात सगळं जळेल, मग माझे डंपर उभे राहतील. काय करणार? मारणार? मारा ना. लहानपणापासून तेच करत आलात."

धाकूचा उगारलेला हात खाली आला. आणि मग एवढं सगळं होऊन त्याला हसू फुटलं. पोरगा मिठागरवाल्याचा, पण जन्मात कधी मिठागरात उतरला नव्हता. मीठ जमीन मारतं, एवढंच त्याला ठाऊक. भरतीचा बांध फुटून खाडी शेतात शिरायची, आणि त्याचा आजा तीच खारवलेली जमीन गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा भाताखाली आणायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम बापाचं. आणि बापाने पोराशी बोलायला कधी तोंड वापरलं नव्हतं, हातच वापरला होता.

धाकूने मंजुळाला सगळं सांगितलं, गोण्या कुठून गेल्या तेही. तिने विचारलं, "वाचेल?"

"तीन पानी द्यावं लागंल."

वरची दोन बोटं माती खरवडून टाकायची. प्रत्येक झाडाभोवती बांध घालायचा. सकाळी घोट्यापर्यंत गोडं पाणी भरायचं, दिवसभर मुरू द्यायचं आणि संध्याकाळी बांधाचं तोंड फोडून गटारात सोडून द्यायचं. त्या तोंडाला धाकू उघाडी म्हणायचा, खारजमिनीच्या बांधाला असते तशी. पाणी मिठाला घेऊन जातं. पण वेळेवर सोडलं तरच. उघाडी न फोडता पाणी आटू दिलं, तर खाली गेलेलं मीठ पुन्हा वर येतं आणि पहिल्यापेक्षा वाईट बसतं. मंजुळाने त्याच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं.

एवढं गोडं पाणी आणायचं कुठून? चाळीच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी. धाकूने फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलेशचा टँकर सोसायटीकडे निघाला तेव्हा तो कोयता घेऊन चाकासमोर उभा राहिला. आत उत्तम. कपाळावरची खूण अजून ताजी.

"बाबा, सरका ना. शेट मला जीवे मारेल."

"तो मारंल तवा मारंल. मी आता मारतंय. पाइप काढ."

उत्तमने मुकाट्याने पाइप काढला. पहिलं पाणी झालं. चार दिवसांनी दुसरा टँकर असाच अडवला आणि दुसरंही पाणी झालं. ज्याने खारवलं त्याच्याच पाण्याने जमीन गोडी होत होती, आणि गावातले म्हातारे ओट्यांवर बसून मिशीत हसत होते. हे हसणं कमलेशच्या फार जिव्हारी लागलं.

तिसऱ्या पाण्याच्या दिवशी तो टँकरच्या मागोमाग स्वतः आला. अकरा वाजले असतील. चाळीतल्या बाया कामाला गेलेल्या, पोरं शाळेत. झाडांभोवतीची आळी भरत आली होती आणि मंजुळा पिंपळापाशी पाइप धरून उभी होती. कमलेशच्या हातात लोखंडी सळई होती. धाकूला वाटलं, आपल्यावर येतोय. तो छाती काढून पुढे झाला. कमलेश त्याला वळसा घालून गेला.

"सगळं हिच्यामुळे," तो ओरडला. पुढे त्याने मंजुळाला जातीवरून जे ऐकवलं ते इथे लिहायची इच्छा नाही. मंजुळा म्हणाली, "बाप सुधारला, तू कधी सुधारणार?" सळई तिच्या डोक्यात बसली. ती पाण्यातच आडवी झाली आणि पिंपळाचं आळं लाल झालं.

धाकूने कोयता उचलला. कमलेश दुसऱ्या घावासाठी सळई वर करत होता. धाकूने कोयता उलटा फिरवला आणि बोथट बाजूने पोराच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं त्याला हाताला कळलं. सळई पडली. कमलेश गुडघ्यावर आला आणि लहानपणी रडायचा तसाच रडायला लागला, तोंड वासून. धाकूने त्याच्याकडे बघितलंही नाही. मंजुळाला पाठुंगळी मारून तो रस्त्यापर्यंत धावला. वय एकोणसत्तर. रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, तेव्हा त्याचं धोतर तिच्या रक्ताने भिजलं होतं आणि तो मोठमोठ्याने तिला शिव्या घालत होता. डोले उघर, बाई. मरू नको. मरू नको.

डॉक्टरांनी चौदा टाके घातले. शुद्ध कधी येईल ते त्यांनाही सांगता येईना. दुपारी धाकू पोलीस ठाण्यात पोचला तेव्हा चांगदेव आधीच बाकावर बसलेला होता, पांढरेशुभ्र कपडे, मांडीवर टोपी. शेजारी दर्शना. आत कमलेश, गळ्यात हात बांधलेला. आणि उत्तमने जबाब दिलेलाच होता: बाई चिखलात घसरली, टँकरच्या लोखंडी नळावर आपटली.

चांगदेवने धाकूला बाजूला घेतलं. "बघणारे तीनच, धाकू. तू, उत्तम, कमलेश. बाई शुद्धीवर नाय. तू घसरली म्हण, झालं. नायतर अ‍ॅट्रॉसिटी लागेल, जामीन मिळायचा नाय. पोरगा सडेल. तुझ्या वेळी गाव तुझ्यामागे उभं राहिलेलं, विसरलास काय?"

"नाय विसरलो," धाकू म्हणाला. "तेच तर."

दर्शनाने वाकून त्याचे पाय धरले. "बाबा, एकच पोरगा आहे तुमचा." ती रडत होती आणि खोटं काहीच बोलत नव्हती. एकच पोरगा होता. नवसाने झालेला. त्याची आयस त्याच्या बाळंतपणातच गेली, आणि धाकूने त्याला एका हाताने वाढवलं, दुसऱ्याने मारलं.  एक शब्द बोलायचा होता, घसरली, की सगळं घर जागच्या जागी राहत होतं.

फौजदारबाईंनी कागद ओढला. "तुम्ही समोर होतात? बाई पडल्या की मारलं?"

"मारलं."

"कोणी?"

"कमलेशनं. लोखंडी सलईनं. जातीवरून शिवी दिली, मग मारलं."

"तुमचा कोण लागतो?"

"पोरगा."

फौजदारबाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं. धाकू थांबला नाही. "त्याचा हात मी मोरला, ते पन लिवा. आनि तीस वर्सांपूर्वी शिवरामचा पाय मोरला तो पन मी. तो दारू नव्हता पीत. लिवा."

"ते जुनं आमच्या रेकॉर्डला नाही, आजोबा."

"तरी लिवा."

फौजदारबाईंनी लिहिलं. का लिहिलं कोण जाणे, पण लिहिलं. धाकूने सही केली आणि शेजारी अंगठाही उठवला. आतून कमलेशचा आवाज आला, "बाबा!" एकदाच. धाकूने ऐकलं आणि बाहेर पडला. दारात दर्शनाने चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. "घरात पाऊल टाकलंत तर बघा." आयुष्यात पहिल्यांदा धाकूने मार खाल्ला आणि हात उचलला नाही. चांगदेव त्याच्याकडे न बघता अंगावरून निघून गेला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे तर गावच फिरलं होतं.

ऊन कलल्यावर त्याला एकदम आठवलं. पाणी! सकाळपासून आळ्यांत पाणी तसंच उभं होतं. दिवसभर कडक ऊन. आटत आलं असेल, मीठ वर आलं असेल, तिन्ही पाण्यांची मेहनत पालथ्या घड्यावर गेली असेल. पोरगा गेला आणि झाडही गेलं. तो धावत सुटला. धोतरावरचं रक्त वाळून कडक झालं होतं, मांड्यांना घासत होतं.

चौकात पोचला तर एकेका आळ्याची उघाडी फोडलेली होती. लालसर, मळकं पाणी गटाराकडे वाहून चाललं होतं. चाळीतल्या पाच-सहा बाया पदर खोचून फावडी घेऊन उभ्या होत्या. पिंपळापाशी मंजुळाची नात प्रियांका चिखलात घोट्यापर्यंत उभी होती, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात फोन. तिचे डोळे रडून सुजले होते.

"आजी शुद्धीवर आली," ती म्हणाली. "पहिलं हेच विचारलं, पाणी सोडलं का म्हणून. आम्हाला फोनवरून सांगत होती, कुठे फोडायचं, किती फोडायचं."

धाकू मटकन बांधावर बसला. पिंपळाची सगळी पानं पुढे झडली आणि महिन्याभराने बुंध्यातून तांबूस फूट आली, पण त्या संध्याकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी पिंपळ मेल्यासारखाच दिसत होता.

प्रियांका फोन कानाला लावून ऐकत होती. मग म्हणाली, "आजी विचारतेय, तुम्ही आत काय सांगितलंत?"

"सांग तिला. मारलं म्हनून सांगितलं. माज्या पोरानं."

प्रियांकाने ते फोनवर सांगितलं.  फावडी थांबली होती. वाहत्या पाण्याचा तेवढा आवाज येत होता. प्रियांका मधेच "हो" म्हणाली, परत "हो" म्हणाली, आणि फोन खाली केला.

"आजी म्हणते, आज तुम्हाला घरात घ्यायचे नाहीत. आमच्याकडे जेवा."

एवढ्या वर्षांत मंजुळाने त्याला कपभर चहा दिला नव्हता आणि त्यानेही कधी मागितला नव्हता. धाकू उठला. चाळीच्या नळावर त्याने हात धुतले. मंजुळाचं रक्त वाळून बसलं होतं, ते काही लवकर जाईना. मंजुळाच्या खोलीत शिवरामच्या फोटोखाली प्रियांकाने पाट मांडला, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. धाकूने पहिला घास मोडला, तोंडाशी नेला, आणि घास हातात धरूनच तो कमलेशच्या नावाने मोठ्याने रडायला लागला. प्रियांका दाराशी उभी राहिली. थोड्या वेळाने तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.